सांची, बेसनगर व उदयगिरी : एका दिवसाची अभ्यासयात्रा

॥ श्री ॥

माळव्यात व ग्वाल्हेर प्रांती पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर ही क्षेत्रे घरच्यासारखी आहेत. त्या मानाने विदिशा परिसराकडे आपली पावले क्वचितच वळतात. तेथे सुमारे दहा किलोमीटरच्या टापूत बौद्ध विहार, भागवत संप्रदायाचा एक अतिप्राचीन स्तंभ आणि गुप्तकालीन लेणी अशी तिन्ही प्रकारची स्थाने असून एका दिवसात ती पाहून होतात. भाविकांना व सभासदांना यात्रेपूर्वी माहिती मिळावी, या हेतूने हा लेख देत आहोत.

यात्रेचा मार्ग

इंदूरहून भोपाळमार्गे सांची सुमारे २४० किलोमीटर आहे. एकाच दिवसात जाऊन येणे शक्य असले, तरी वृद्ध मंडळी बरोबर असल्यास आदल्या रात्री भोपाळला मुक्काम करावा. भोपाळपासून सांची पन्नास किलोमीटरच्या आत आहे व वाटेत कर्कवृत्त ओलांडावे लागते. ग्वाल्हेरकडून रेल्वेने येणाऱ्यांनी विदिशा स्थानकावर उतरणे सोयीचे. सांची येथे स्थानक आहे, परंतु सर्व जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. सांची ते विदिशा अंतर सुमारे दहा किलोमीटर असून बेसनगरचा स्तंभ व उदयगिरीची लेणी विदिशा शहराच्या अगदी जवळ आहेत.

सकाळी सांची, दुपारच्या भोजनानंतर बेसनगर आणि शेवटी उदयगिरी, असा क्रम ठेवावा. टेकडीवर सावली कमी असल्याने सांचीचा चढ उन्हापूर्वी उरकलेला बरा.

सांची : स्तूप आणि विहार

सांचीची टेकडी सुमारे ९० मीटर उंच आहे. येथील मोठ्या स्तूपाचा विटांचा मूळ गाभा सम्राट अशोकाच्या काळातील, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकातील आहे. पुढच्या शतकात त्याचा आकार जवळजवळ दुप्पट करण्यात येऊन त्याला दगडाचे आवरण चढविण्यात आले. इ. स. पू. पहिल्या शतकात चार दिशांना चार तोरणे उभी राहिली. स्तूपाचा व्यास सुमारे ३६.५ मीटर व उंची सुमारे १६.५ मीटर आहे. १९८९ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला.

तोरणांवर बुद्धजीवनातील प्रसंग कोरलेले आहेत, परंतु त्यांत बुद्धाची मानवी आकृती कोठेही नाही. बोधिवृक्ष, पदचिन्हे, रिकामे आसन, धर्मचक्र अशा खुणांनीच बुद्धांचे अस्तित्व सुचविलेले आहे. स्तूपाच्या प्रवेशमार्गांसमोर ज्या चार बुद्धमूर्ती दिसतात, त्या नंतरच्या गुप्तकाळातील होत.

दक्षिण तोरणाजवळ अशोकस्तंभाचा भग्न बुंधा आहे. त्याचे चार सिंहांचे शीर्ष पायथ्याच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूस वा भिक्षुणीस पांढरी वस्त्रे नेसवून संघाबाहेर राहावयास लावावे, अशी राजाज्ञा या स्तंभावर कोरलेली आहे. कोणत्याही संस्थेच्या विश्वस्तांनी तेथे घटकाभर थांबावे, असा हा लेख आहे.

पुष्कळ यात्रेकरू मोठा स्तूप पाहून परत फिरतात व विहार पाहावयाचे राहून जातात. विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान : मध्ये मोकळे अंगण, त्याभोवती पडवी आणि पडवीला लागून लहान खोल्या. आरंभीचे विहार लाकूड व विटांचे असल्याने फारसे उरले नाहीत. आज दिसणारे दगडी अवशेष बहुतांशी पुढील शतकांतील आहेत. पश्चिमेच्या पायऱ्यांनी खाली उतरताना विहार क्रमांक ५१ लागतो. तेथे खोल्यांची संपूर्ण मांडणी पायापासून स्पष्ट दिसते. जवळच एकाच दगडात कोरलेले भव्य पात्र आहे. याच वाटेने पुढे गेल्यावर दुसरा स्तूप येतो.

दात्यांची नावे

सांचीच्या कठड्यावर व फरसबंदीवर ब्राह्मी लिपीतील शेकडो लहान लेख आहेत. ते राजांच्या पराक्रमाचे नव्हेत. अमुक गावच्या अमुक भिक्षुणीचे दान, अमुक श्रेष्ठीच्या पत्नीचे दान, अमुक गावकऱ्यांचे दान, एवढाच त्यांचा आशय. एकेका दगडापुरते एकेकाचे दान. दक्षिण तोरणावर एक लेख विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांचा आहे व तेथील नक्षीकाम त्यांनी केल्याचे तो सांगतो. त्याच तोरणावर राजा श्रीसातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची नोंद आहे. पैठणशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या सातवाहनांचा हा उल्लेख मराठी यात्रेकरूंनी अवश्य पाहावा.

याहून विशेष दोन लेख गुप्तकाळातील आहेत. पहिला गुप्त संवत ९३, म्हणजे इ. स. ४१२-१३ चा. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या सेवेतील आम्रकार्दव याने एक गाव व पंचवीस दीनार संघाला दिले. त्यातून नित्य पाच भिक्षूंना भोजन मिळावे व रत्नगृहात दिवा तेवत राहावा, अशी त्याची अट होती. या व्यवस्थेत जो बिघाड करील त्यास गोहत्येचे व ब्रह्महत्येचे पातक लागेल, असेही त्यात म्हटले आहे.

दुसरा लेख गुप्त संवत १३१, म्हणजे इ. स. ४५०-५१ चा असून तो हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेचा आहे. तिने बारा दीनार कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांच्या व्याजातून रोज एका भिक्षूला भोजन द्यावयाचे होते. आणखी तीन दीनारांच्या व्याजातून रत्नगृहात रोज तीन दिवे आणि एका दीनाराच्या व्याजातून चार बुद्धांच्या आसनस्थानी एक दिवा लावावयाचा होता.

या ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. नीवी म्हणजे मुद्दल. मुद्दलास हात न लावता केवळ व्याज खर्च करावयाचे, ही आपल्या देवस्थानांतील कायम ठेवीची रीत पंधराशे वर्षांपूर्वी सांचीला रूढ होती. त्याआधीही नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेवल्याचा लेख आहे. त्यातील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व एक हजारावर शेकडा पाऊण, असे व्याजाचे दरही त्यात नमूद आहेत.

हरिस्वामिनीचा दिवा पुढे विझला. बाराव्या शतकानंतर सांचीचा संघ उरला नाही, भोजनास भिक्षू राहिले नाहीत व व्याज पोहोचविणारेही राहिले नाहीत. लेख मात्र राहिला. दगडावर कोरल्याने दान अक्षय होत नाही. ते चालविणारी माणसे लागतात व ती गेल्यावर निदान वाचणारी तरी लागतात, हे सांचीस उभे राहून कळते.

ऱ्हास आणि दुरुस्ती

१८१८ साली जनरल टेलर यांनी हे अवशेष पाहून त्यांची नोंद केली, तेव्हा स्तूप बराचसा शाबूत होता. पुढे १८२२ साली कॅप्टन जॉन्सन यांनी मोठा स्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. १८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांना येथील तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त व मोग्गलान या बुद्धशिष्यांच्या अस्थी मिळाल्या. सातधारा येथील स्तूपातही या दोघांच्या नावांचे अस्थिकरंडक सापडले. हे अवशेष इंग्लंडला गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास ते परत आले व १९५२ साली सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात त्यांची स्थापना झाली. दरवर्षी नोव्हेंबरात ते दर्शनासाठी ठेवले जातात व त्या दिवसांत फार गर्दी असते.

स्तूपाची पहिली दुरुस्ती १८८१ नंतर मेजर कोल यांनी केली. त्या कामात दक्षिण तोरणाच्या काही तुळया उलट बाजूने बसल्या. त्यानंतर १९१२ ते १९१९ या काळात सर जॉन मार्शल यांनी स्तूप सावरला, जंगल काढले व विहार मोकळे केले. आज आपण पाहतो ती सांची मुख्यतः त्या सात वर्षांच्या श्रमाची आहे.

बेसनगरचा गरुडस्तंभ

विदिशेजवळ बेतवा व बेस नद्यांच्या दुआबात बेसनगरचे अवशेष आहेत. येथील स्तंभ इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो. तक्षशिलेचा रहिवासी, दियोनाचा पुत्र हेलिओडोरस हा ग्रीक राजा अंतलिकित याचा दूत म्हणून येथील राजा काशीपुत्र भागभद्र याच्या दरबारी आला होता. देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज त्याने उभारला व लेखात स्वतःस ‘भागवत’ म्हणवून घेतले. वासुदेवभक्तीचा इतका जुना व स्पष्ट शिलालेखी पुरावा दुर्मीळ आहे.

स्थानिक लोक या स्तंभाला खांबबाबा म्हणून पूजीत असत. १८७७ साली कनिंगहॅम येथे आले, तेव्हा स्तंभावर शेंदराचा जाड थर होता व त्याखालचा लेख त्यांना दिसू शकला नाही. १९०९ साली लेक यांनी थर स्वच्छ करविला, तेव्हा अक्षरे प्रकट झाली. पुढे १९१३ ते १९१५ मध्ये डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी येथे उत्खनन केले. १९६३-६५ च्या उत्खननात स्तंभाजवळ लंबवर्तुळाकार मंदिराचा पाया आढळला.

भक्तांच्या शेंदराने स्तंभाचे महत्त्व टिकविले, हे खरे. त्याच शेंदराने त्याचे बोलणे बंद केले होते, हेही तितकेच खरे. आपल्या जुन्या देवळांतील उंबरठे, दीपमाळा व ओवऱ्यांचे खांब तैलरंगाखाली वा फरशीखाली जाताना भाविकांनी व विश्वस्तांनी हा स्तंभ आठवावा. रंगकाम वा जीर्णोद्धार हाती घेण्यापूर्वी दगडावर काही अक्षरे आहेत का ते पाहावे, असल्यास छायाचित्र व ठसा घ्यावा आणि जाणकारास दाखवावे. कोणा हरिस्वामिनीचे नाव त्याखाली असू शकते.

उदयगिरीची लेणी

उदयगिरीच्या डोंगरात वीस लेणी आहेत. पाचव्या लेण्यातील भव्य वराहमूर्ती पृथ्वीदेवीस दंतावर उचलून उभी आहे. सहाव्या लेण्यात गुप्त संवत ८२, म्हणजे इ. स. ४०१-०२ चा चंद्रगुप्तकालीन लेख आहे. चौथ्यात एकमुखी शिवलिंग आणि तेराव्यात शेषशायी विष्णू आहेत. विसावे लेणे जैनांचे असून तेथे इ. स. ४२५-२६ मध्ये पार्श्वनाथांची मूर्ती स्थापिल्याचा लेख आहे. वैष्णव, शैव व जैन एकाच डोंगरात शेजारी नांदले आणि समोर सांचीला भिक्षूंचा दिवा जळत होता, हे सारे एकाच शतकात घडले.

मार्गदर्शक व यात्रेचे नियम

सांची येथे पर्यटन विभागाचे ओळखपत्रधारी मार्गदर्शक घ्यावेत. मोबदला व स्थळे आधी ठरवावीत. अन्यथा पाऊण तासात केवळ मोठा स्तूप दाखविला जातो. विहार ५१, दुसरा स्तूप आणि हरिस्वामिनी व आम्रकार्दव यांचे लेख दाखवावेत, असे स्पष्ट सांगावे. बेसनगर व उदयगिरीसाठीही तोच मार्गदर्शक बरोबर घेणे सोयीचे पडते.

१. सांचीचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. यात्रेचा दिवस त्यानुसार ठरवावा.
२. सर्व प्राचीन स्थळे संरक्षित आहेत. तेथे हळदकुंकू वाहणे, नारळ फोडणे, दिवा वा उदबत्ती लावणे कटाक्षाने टाळावे. नमस्कार पुरेसा आहे.
३. स्तूपास उजवी घालून प्रदक्षिणा करावी. कठड्यावर बसू नये व कोरीव भागास हात लावू नये.
४. चेतियगिरी विहारात पादत्राणे बाहेर ठेवावीत व शांतता राखावी.
५. दुसऱ्या स्तूपाकडील उतार व उदयगिरीच्या पायऱ्या गुडघ्यांस त्रासदायक आहेत. ज्येष्ठांनी काठी बाळगावी, पिण्याचे पाणी सर्वांनी बरोबर घ्यावे.
६. लहान मुलांस वही व पेन्सिल द्यावी आणि ब्राह्मीतील एखादे नाव उतरवून घ्यावयास सांगावे.

बेसनगरच्या स्तंभावर आणखी एक छोटा लेख आहे. नीट आचरल्यास स्वर्गास नेणारी तीन पदे त्यात सांगितली आहेत : दम, त्याग व अप्रमाद. सांचीच्या दात्यांनी त्याग केला. त्यांचे दान आज आपल्यापर्यंत पोहोचते ते पुढच्या कोणीतरी अप्रमाद, म्हणजे सावधपणा, राखला म्हणून. यात्रेकरूंनी परतताना हे तिसरे पद विशेषत्वाने लक्षात ठेवावे, ही नम्र विनंती.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव