वाट पाहणारा ‘महल’ आणि वाट काढणारी माणसे

भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपण पितरांना पान वाढतो आणि आश्विन सरता सरता धनत्रयोदशीला यमासाठी दिवा लावतो. वर्षाच्या याच सुमारास पाश्चात्त्य देशांतही गेलेल्यांची आठवण निघते. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा स्मरणदिन आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. त्यांच्या आदल्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, हॅलोविन येतो. त्याचे मूळ आयर्लंडकडील केल्टिक लोकांच्या वर्षअखेरीच्या सणात सांगितले जाते. अमेरिकेत या रात्री मुले भुतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात आणि मोठी माणसे लहानपणी पाहिलेले भुताखेतांचे चित्रपट पुन्हा पाहतात. १९३१ चे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ आजही या निमित्ताने लावले जातात. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आता तिकडे आहेत. त्यामुळे हा प्रकार बऱ्हाणपुरातल्या जुन्या वाड्यांनाही दूरध्वनीवरून का होईना, परिचित झाला आहे.

आपल्याकडे असा ठरलेला दिवस नव्हता, परंतु असे चित्रपट मात्र होते. १९८४ साली ‘पुराना मंदिर’ने तरुणांची झोप उडवली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ लागे तेव्हा घरातली सर्व वयाची माणसे एकत्र बसत. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ आला. या सर्वांच्या मागे एक जुना चित्रपट उभा आहे. हिंदी पडद्यावरील भयकथेला ज्याने चेहरा आणि आवाज दिला तो हा चित्रपट म्हणजे बॉम्बे टॉकीजचा, ऑक्टोबर १९४९ चा ‘महल’. त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली आहेत. त्याच्याकडे नुसत्या हुरहुरीने पाहण्यापेक्षा थोडे इतिहासाच्या अंगाने पाहावे, असे मला वाटते. त्या चित्रपटाशी आपल्या या भागाचा निकटचा संबंध आहे. आणि विशी-पंचविशीतील माणसाला दिशा कशी सापडते, या आजच्या घरोघरच्या प्रश्नाशीही त्याचा संबंध आहे.

बऱ्हाणपूरकराला ‘महल’ची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपले गावच अशा गोष्टींवर वाढलेले आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल येथे चौदाव्या अपत्याच्या प्रसूतीत मरण पावली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे शव आग्र्यास नेण्यात आले. आहूखान्याच्या पडक्या भिंतींजवळ सायंकाळनंतर थांबू नये, असे सांगणारी माणसे अजून भेटतात. पलीकडे असीरगडावर अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन फिरतो आणि पहाटे कुणाच्याही आधी गुप्तेश्वराच्या पिंडीवर फूल वाहून जातो, ही श्रद्धा तर पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. १६१५ साली खानखानान अब्दुर रहीम यांच्या काळात बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याला लोकांनी ‘खुनी भंडारा’ म्हणावे, आणि नवख्या माणसाने त्यावरून काहीतरी भयंकर कल्पना करावी, हेही नेहमीचेच. प्रत्यक्षात तेथे काय आहे? शंभराहून अधिक कुंड्या आणि त्यांना जोडणारा जमिनीखालचा जलमार्ग. भयाच्या नावाखाली कुणाचे तरी कसबी श्रम दडलेले असतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

‘महल’ची कथाही थोड्याफार फरकाने हेच सांगते. यमुनेकाठच्या एका ओसाड हवेलीत शंकर नावाचा तरुण मालक राहावयास येतो. तेथे त्याला हुबेहूब स्वतःसारखे दिसणारे जुने तैलचित्र आढळते. म्हातारा माळी सांगतो की, ही हवेली बांधणारा पुरुष होडी उलटून बुडाला. मरताना त्याने ‘मी परत येईन’ असे वचन दिले आणि त्याची कामिनीही त्याच्यामागून गेली. रात्री हवेलीत गाणे ऐकू येते, झोपाळ्यावर एक स्त्री दिसते, आणि शंकरला वाटू लागते की तो पुरुष आपणच. पुढे त्याचे लग्न होते, तरी त्याचे चित्त हवेलीतच राहते. अखेर उघड होते की ते भूत नसून माळ्याचीच मुलगी आशा आहे. तोवर त्याच्या पत्नीचा जीव गेलेला असतो आणि शेवटी तोही उरत नाही. शंकरचा घात भुताने केलेला नाही. आपले आयुष्य मागच्या जन्मीच ठरून गेले आहे, या समजुतीने तो केवळ वाट पाहत राहिला आणि समोरची माणसे त्याला दिसेनाशी झाली, हे त्याच्या घाताचे खरे कारण.

आता या पडद्यामागे पाहू. ज्यांनी ही वाट पाहणाऱ्यांची कथा रचली, ती माणसे कोण होती?

शंकरची भूमिका करणारे अशोककुमार हे शेजारच्या खंडव्याचे. खंडवा आणि बऱ्हाणपूर हे २००३ पर्यंत एकाच जिल्ह्यात होते, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्याचे. त्यांचे मूळ नाव कुमुदलाल गांगुली. जन्म १९११ चा, भागलपूरचा. वडील कुंजलाल खंडव्यात वकिली करीत. मुलानेही वकील व्हावे अशी घरची अपेक्षा होती आणि त्यासाठी तो कलकत्त्यास कायदा शिकावयास गेला. तेथे मन रमले नाही. तेव्हा तो मुंबईस बहीण सतीदेवी आणि मेहुणे शशधर मुखर्जी यांच्याकडे आला. मुखर्जी १९३४ मध्ये मालाडला स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये कामाला होते. कुमुदलालला तेथे प्रयोगशाळेत साहाय्यकाची नोकरी मिळाली. त्याला कॅमेऱ्यामागचे काम शिकायचे होते, पडद्यावर यावयाचे नव्हते. परंतु १९३६ साली ‘जीवन नैया’च्या नायकाची जागा अचानक रिकामी झाली आणि हिमांशु राय यांनी या संकोची तरुणाला उभे केले. त्याच वर्षी ‘अछूत कन्या’ आला आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९४९ पर्यंत हा प्रयोगशाळेतला मुलगा सावक वाच्छा यांच्यासह त्याच बॉम्बे टॉकीजचा कारभार पाहत होता. ‘महल’चे निर्माते हेच दोघे.

चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी कमाल अमरोही यांच्याकडे सोपवले. वय एकतीस, ‘पुकार’चे लेखक म्हणून नाव झालेले, परंतु दिग्दर्शनाचा हा पहिलाच प्रयत्न. छायाचित्रण जर्मनीहून आलेल्या योसेफ विर्शिंग यांचे. अंधार आणि उजेडाची जी मांडणी आज आपण ‘भयपटाची’ म्हणून ओळखतो, ती त्यांनी येथे रुजवली. आशाची भूमिका करणारी मधुबाला अवघी सोळा वर्षांची होती. तिचे खरे नाव मुमताज! जैनाबादच्या बागेची आठवण बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा योगायोग गंमतीचा वाटावा. या सोळा वर्षांच्या मुलीच्या मिळकतीवर मोठे कुटुंब चालत होते.

आणि तो आवाज! ज्या गाण्याने ‘महल’ अजरामर झाला, त्याची गायिका विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, आपल्या इंदूरचा. वडील मास्टर दीनानाथ गोव्याच्या मंगेशीचे. परंतु आजोळ थाळनेरचे. थाळनेर म्हणजे तापीकाठचे फारुकी सुलतानांचे आरंभीचे ठाणे. तेथूनच पुढे असीरगड आणि मग बऱ्हाणपूर असा त्यांचा प्रवास झाला. जी तापी आपल्या राजघाटाखालून वाहते, तीच पुढे त्या माऊलीच्या माहेराला जाते.

एप्रिल १९४२ मध्ये दीनानाथ गेले तेव्हा लता साडेबारा वर्षांची होती, आणि पाच भावंडांत थोरली. नाटक मंडळीचे वैभव आधीच ओसरले होते. मास्टर विनायक यांच्या आधाराने तिने ‘पहिली मंगळागौर’सारख्या चित्रपटांत लहानसहान कामे केली. तोंडाला रंग लावणे तिला मनापासून आवडत नसे, तरी केले. १९४५ मध्ये कुटुंब मुंबईस आले. उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे शिक्षण सुरू झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये मास्टर विनायकही गेले. संगीतकार गुलाम हैदर यांनी तिला फिल्मिस्तानच्या शशधर मुखर्जींकडे नेले, तर ‘आवाज फार बारीक आहे’ असा निकाल मिळाला. हे मुखर्जी म्हणजे अशोककुमारांचे तेच मेहुणे. एका तरुणाला ज्यांच्या घरातून वाट मिळाली, त्यांच्याच दारातून दुसरीला परतावे लागले! गुलाम हैदर यांनी मग १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये तिला गावयास दिले.

‘महल’चे संगीतकार खेमचंद प्रकाश. त्यांना तो आवाज दुरून जवळ येतो आहे असा भास हवा होता. त्या वेळी तशी यंत्रसामग्री नव्हती. तेव्हा लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यात उभे केले. तेथून गात गात त्या एकेक पाऊल मायक्रोफोनकडे येत आणि नेमक्या ठिकाणी ध्रुपदाला पोहोचत. हे साधेपर्यंत कितीदा तरी तालीम झाली. श्रोत्यांच्या अंगावर काटा आणणारे ते ‘भूत’ असे पायांनी चालून तयार झाले आहे. तबकडीवर मात्र गायिका म्हणून नाव छापले गेले ते पात्राचे, ‘कामिनी’चे. गाणे नभोवाणीवरून वाजू लागल्यावर श्रोत्यांची पत्रे आली : ही कामिनी कोण? मग खरे नाव जाहीर झाले. त्याच १९४९ मध्ये ‘अंदाज’ आणि ‘बरसात’ आले आणि पार्श्वगायिकेच्या नावाला मान मिळण्याचे दिवस सुरू झाले.

खंडव्याचा आणखी एक मुलगा याच आवारात घुटमळत होता. अशोककुमारांचा धाकटा भाऊ किशोर हाही १९२९ चाच. त्याने गावे की अभिनय करावा, याचा निर्णय घरात होत नव्हता. १९४८ मध्ये बॉम्बे टॉकीजच्याच ‘जिद्दी’त, खेमचंद प्रकाश यांच्याच संगीतात, त्याला पहिले एकल गीत मिळाले, लतेबरोबरचे पहिले द्वंद्वगीतही त्याच चित्रपटातले. इंदूरची कन्या आणि खंडव्याचा मुलगा मालाडच्या एका कलागृहात, एकाच वयात, आपापली दिशा चाचपत होते.

या साऱ्या हकिगतींत एक समान गोष्ट दिसते. यांपैकी कुणालाही विसाव्या वर्षी आपण पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. कुमुदलालला तंत्रज्ञ व्हायचे होते, लतेला अभिनय नको होता, किशोरचे काहीच ठरत नव्हते. दिशा आधी दिसली आणि मग पावले उचलली, असे कुठेच घडलेले नाही. हाती आले ते काम प्रामाणिकपणे केले आणि त्या कामातूनच दिशा उघडत गेली. मराठीत ‘वाट पाहणे’ आणि ‘वाट काढणे’ असे दोन प्रयोग आहेत. शब्द एकच, परंतु एकात माणूस बसलेला असतो आणि दुसऱ्यात चाललेला. ‘महल’चा नायक पहिल्या प्रकारचा, ‘महल’चे कर्ते दुसऱ्या.

हे आपल्या समाजाला सांगण्याचे कारण आहे. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि त्या काळापासून आपली घराणी येथे नांदत आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण मध्यप्रदेशात राहिलो आणि मराठी घराबाहेर कमी, देवघरात व माजघरात अधिक उरली. अशा वेळी जुन्या सनदा, वाडे आणि वंशावळी यांचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आधार आणि पछाडणे यांत फार थोडे अंतर असते. ताप्ती मिल, नेपानगरचा कागद कारखाना, भुसावळची रेल्वे ही आपल्या मुलांची एके काळची ठरलेली ठिकाणे; आता तशी ठिकाणे राहिली नाहीत. शासकीय सेवेत असताना ‘प्रतीक्षा यादी’त नाव आहे एवढ्या भरवशावर वयाची पाच-सहा वर्षे घालवणारे अनेक हुशार तरुण मी पाहिले. त्यांत आपल्या घरांतलेही होते. भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीत स्वतःचा चेहरा शोधत बसणे आणि शंकरने त्या तैलचित्रापुढे उभे राहणे, यांत मला फारसा फरक वाटत नाही.

याचा अर्थ तसबीर उतरवावी असा नव्हे. लताबाईंनी वडिलांचे गाणे टाकले नाही. ते घेऊनच त्या चालल्या. किशोरकुमारांचे १९८७ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार खंडव्यातच झाले. वाट काढणारा माणूस घर विसरतोच असे नाही. घरात अडकून पडलेल्या माणसापेक्षा घराचे मोल कदाचित त्यालाच अधिक कळते.

तेव्हा येत्या शरदात परगावची नातवंडे हॅलोविनच्या निमित्ताने काही भीतिदायक पाहू म्हणाली, तर त्यांच्यासोबत ‘महल’ जरूर पाहावा. चित्रपट संथ आहे. आजच्या मुलांना तो भिववणार नाही. मात्र गाणे सुरू झाले म्हणजे त्यांना सांगावे की, हा आवाज विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील एका मराठी मुलीचा आहे. तबकडीवर तिचे नाव नव्हते, आणि अंधाऱ्या कोपऱ्यातून एकेक पाऊल टाकीत ती मायक्रोफोनपर्यंत येत होती.