मोटारीचे गुडघे

ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातून कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्यांना आता बहुधा रबरी टायर असतात. लोक तिला टायरगाडी म्हणतात. तिच्या आधीच्या गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असे आणि वाटेतल्या प्रत्येक दगडाचा हादरा थेट बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचे. टायरगाडीत त्यातला काही हादरा टायरमधली हवा पचवते. एसटीच्या गाडीत चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पाटे आले, शॉक अॅब्सॉर्बर आले. या सगळ्या मधल्या रचनेला सस्पेन्शन म्हणतात. (निलंबन म्हटले की शिक्षकांना वेगळीच धास्ती वाटते, म्हणून आपण इंग्रजी शब्दच ठेवू.)

या रचनेत एक जुनी अडचण आहे. स्प्रिंग मऊ ठेवली तर खड्डा जाणवत नाही, पण वळणावर गाडी कलते आणि ब्रेक मारताच नाक खाली घालते. स्प्रिंग कडक ठेवली तर गाडी ताब्यात राहते, पण प्रवाशाची हाडे खिळखिळी होतात. कारखान्यात एकदा बसवलेली स्प्रिंग पुढे बदलत नाही. रस्ता मात्र फर्लांगा-फर्लांगाला बदलतो.

निसर्गाने ही अडचण कशी सोडवली आहे? उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन खडकाळ वाटेने चालणारी बाई आपण पाहिलेली असते. तिचे डोळे पुढचा दगड हेरतात, गुडघा वेळेवर वाकतो आणि हंडे एका पातळीत राहतात. पाहणे, ठरवणे आणि बळ लावणे या तीन क्रिया येथे अखंड चालू असतात. मोटारीत हेच काम संवेदक, संगणक आणि तेलाचा दाब यांच्याकडून करून घेतले, की ते सक्रिय सस्पेन्शन झाले. मात्र त्या बाईचे गुडघे दमतात, ही गोष्ट विसरू नये. पुढच्या साऱ्या इतिहासाचे मर्म तिच्यात आहे.

या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा फ्रान्समध्ये गाठला गेला. १९५५ साली सित्रोएन कंपनीने 'डीएस' ही मोटार आणली. तिच्यात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू आणि तेल होते. ओझे कमी-जास्त झाले तरी गाडीची उंची आपोआप सारखी राहत असे. पण प्रत्येक खड्ड्याला उत्तर देण्याइतकी ती चपळ नव्हती.

ती चपळाई संगणकाबरोबर आली. १९८३ मध्ये ब्रिटनच्या लोटस संघाने फॉर्म्युला वन शर्यतीत संगणकाच्या हुकमतीत चालणारे सस्पेन्शन उतरवले. १९८७ मध्ये आयर्टन सेन्नाने तसल्याच गाडीतून मोनॅको आणि डेट्रॉइटच्या शर्यती जिंकल्या. १९९२ मध्ये विल्यम्स संघाच्या गाडीने १६ पैकी १० शर्यती जिंकून नायजेल मॅन्सेलला जगज्जेता केले. त्यानंतर १९९४ च्या हंगामापासून या तंत्रावर शर्यतींत बंदी आली.

रस्त्यावरच्या मोटारींत मात्र बंदीची गरजच पडली नाही. खर्चानेच ते काम केले. पंप फिरवायला इंजिनाची शक्ती जाते, वजन वाढते, तेल गळू लागले तर दुरुस्ती महाग पडते. अमेरिकेत अमर बोस यांनी १९८० मध्ये तेलाऐवजी विद्युतचुंबकीय मोटर वापरण्याचे संशोधन सुरू केले. २००४ मध्ये त्यांची प्रायोगिक मोटार आडव्या फळीवरून चक्क उडी मारताना जगाने पाहिली. पण वजन आणि किंमत आडवी आली आणि ती विक्रीला आली नाही.

वर्गात एक सोपे गणित करून पाहावे. १००० किलोग्रॅमची मोटार १० सेंटिमीटर उचलायला सुमारे ९८० ज्यूल ऊर्जा लागते. स्प्रिंगची मदत नाही असे धरून, दर सेकंदाला एकदा असे उचलायचे तर जवळजवळ एक किलोवॅट शक्ती हवी. प्रत्यक्षात स्प्रिंग बराच भार पेलते, पण पंपात आणि नळ्यांत ऊर्जा वायाही जाते. जड वस्तू वरचेवर हलवणे स्वस्त नसते, एवढे यातून नक्की कळते.

मग अभियंत्यांनी बळाऐवजी अक्कल वापरली. १९७४ मध्ये डीन कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले होते की, गाडी उचलू नका, फक्त शॉक अॅब्सॉर्बरचा विरोध क्षणोक्षणी कमी-जास्त करा. याला अर्धसक्रिय सस्पेन्शन म्हणतात. त्याला लागणारी शक्ती फारच थोडी असते. म्हणून पूर्ण सक्रिय रचना थोड्या महागड्या मोटारींपुरती उरली आणि अर्धसक्रिय रचना पसरत गेली. महाराष्ट्रात चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या विद्युत मोटारींच्या वरच्या प्रकारांतही ती पोचली आहे.

पण बीडच्या रस्त्यावर हादऱ्याची खरी झळ कोणाला बसते? टायरगाडीतल्या पोराला, आणि अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेतल्या, हाड मोडलेल्या रुग्णाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला. ज्यांना गुळगुळीत प्रवासाची गरज सर्वांत जास्त, त्यांच्या वाहनात हे तंत्र सर्वांत शेवटी येते.

येथे बोस यांच्या कंपनीचाच एक धडा उपयोगी पडतो. मोटार विकता आली नाही, तेव्हा २०१० मध्ये त्या कंपनीने त्याच विचाराने ट्रकचालकासाठी फक्त आसन तयार केले. ट्रक हादरत राहतो, माणूस स्थिर राहतो. आपल्या गणितात १००० ऐवजी १०० किलोग्रॅम घाला: स्ट्रेचर आणि रुग्ण मिळून सुमारे तेवढेच भरतात. शक्ती दहापटीने कमी होते. मग सगळी रुग्णवाहिका स्थिर ठेवण्यापेक्षा तिच्यातला स्ट्रेचरच स्थिर ठेवला तर? दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न जरूर मांडावा.

त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारावा. हुशार सस्पेन्शन विकत घेणाऱ्या एकाच्याच कामी येते. बुजवलेला खड्डा मोटारीच्या, एसटीच्या, रुग्णवाहिकेच्या आणि टायरगाडीच्याही कामी येतो. ज्या गाडीला सस्पेन्शनच नाही, तिचे सस्पेन्शन म्हणजे रस्ता.