कडा राहिला, काचघरं गेली

१९९८ च्या उन्हाळ्यात आप्पा माझ्याकडे न्यू जर्सीत फोर्ट लीला आले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरून ते बाल्कनीत उभे होते. समोर हडसन नदी, तिच्यावर जॉर्ज वॉशिंग्टन पूल, पलीकडे मॅनहॅटनचं उत्तरेकडचं टोक. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "हितं आधी काय हुतं गं?"

सात वर्षं मी त्याच बाल्कनीत चहा पीत होते, रोज बसनं तो पूल ओलांडून एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला जात होते. पण मला उत्तर देता येईना. "कुठलीशी लढाई झाली होती म्हणे," एवढंच म्हणाले.

आप्पा कोल्हापूरचे, सिनेमाच्या सेटवरचे सुतार. लाकडी चौकटीवर कापड ताणून भिंती उभ्या करायच्या, चित्रीकरण संपलं की त्या उतरवायच्या, खिळे उपसून, ठोकून सरळ करून पुन्हा डब्यात टाकायचे, यात त्यांची तीस वर्षं गेली. घरी कुठलाही सिनेमा लागला की ते नटांकडे बघत नसत. पात्र दार लावून गेलं की त्यांची नजर भिंतीवर. "हलली बघ," म्हणायचे. भिंत हलली नाही तर काही न बोलता मान डोलवायचे.

त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर हळूहळू शोधत गेले. ते सापडलं तेव्हा आप्पांना सांगायची वेळ निघून गेली होती.

लढाई खरीच होती. १७७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेनं या कड्यावर किल्ला बांधला आणि जनरल चार्ल्स ली याचं नाव त्याला दिलं. १६ नोव्हेंबरला नदीपलीकडचा फोर्ट वॉशिंग्टन पडला. चार दिवसांनी इंग्रजांची फौज नदी ओलांडून, उत्तरेकडून कडा चढून आली आणि इकडच्या शिबंदीला तंबू-तोफा मागे टाकून पळावं लागलं. शाळकरी मुलांना इथे हा प्रसंग तोंडपाठ असतो, त्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही.

कड्याबद्दल मात्र लिहायला हवं. पॅलिसेड्स म्हणतात त्याला. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात शिरून थिजलेला हा शिलारस, उभ्या खांबांसारखा फुटलेला काळसर पाषाण. आपल्या सह्याद्रीच्या दगडाचा चुलतभाऊच म्हणा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्क झपाट्यानं वाढत होतं आणि त्याच्या रस्त्यांना, काँक्रीटला खडी हवी होती. ती नदीपल्याड फुकट उभी होती. फोर्ट लीच्या हद्दीत कार्पेंटर ब्रदर्सची खाण चालायची. सुरुंगांचे आवाज पलीकडे मॅनहॅटनपर्यंत ऐकू जात. स्वतःच्या नावानं ओळखले जाणारे कड्याचे सुळके या सुरुंगांनी भुईसपाट केले.

खाण थांबवण्यासाठी उभ्या राहिल्या त्या न्यू जर्सीच्या महिला मंडळांच्या बायका. मत देण्याचा हक्क त्यांना अजून वीस वर्षं मिळायचा होता. तरी त्यांनी सभा घेतल्या, आमदारांना पत्रं लिहिली, नदीतून फिरून कड्याची दशा लोकांना दाखवली. १९०० मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांनी मिळून पॅलिसेड्स राखण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष जॉर्ज पर्किन्स यांनी सावकार जे. पी. मॉर्गनला गाठलं, त्यानं १,२२,५०० डॉलर दिले आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी कार्पेंटरांच्या खाणीतले सुरुंग कायमचे थांबले. आज मी कड्याच्या कडेनं फिरायला जाते, ती पायवाट त्या बायकांची देणगी आहे. त्यांची आठवण गावानं अजून मोठ्यानं काढायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

फोर्ट ली तेव्हा 'बरो' नव्हतं. बरो म्हणजे स्वतःचा महापौर, स्वतःचे सहा नगरसेवक आणि स्वतःचा कर असलेलं छोटं गाव. १८९४ मध्ये शाळांच्या कराचा नवा कायदा आला, आणि शेजारच्या वस्तीच्या शाळेचा खर्च आपल्या खिशातून का द्यायचा म्हणून आमच्या बर्गन काउंटीत बरो होण्याची साथच पसरली. त्या एका वर्षात इथे २६ बरो झाले. फोर्ट ली मागे राहिलं. त्याला २९ मार्च १९०४ ला तो दर्जा मिळाला.

आणि लगेचच सिनेमावाले आले.

तेव्हा सिनेमाची राजधानी न्यूयॉर्क होती, पण शहरात घोडेस्वार कुठे पळवणार? कंपन्या सकाळी हार्लेमच्या धक्क्यावरून फेरी पकडून एजवॉटरला उतरत, तिथून ट्रॉली चढ चढून वर आणी. वर रान होतं, कच्चे रस्ते होते, कडा होता. गावाच्या उत्तरेला कॉइट्सव्हिल नावाची वस्ती आहे. तिथे फर्स्ट स्ट्रीटवर रॅम्बोची खाणावळ होती. समोरचा मातीचा रस्ता आणि तिचा लाकडी ओटा पडद्यावर कितीदा तरी टेक्सासमधलं दारूचं दुकान झाले. वरच्या खोल्यांत नट कपडे बदलत, दुपारी अंगणात जेवत. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं इथे चित्रपट केले. कड्याच्या टोकाला लोंबकळणारी नायिका दाखवून प्रेक्षकांना पुढच्या आठवड्यापर्यंत अडकवून ठेवायची युक्ती या कड्यानंच शिकवली, असं गावकरी अभिमानानं सांगतात.

१९१० मध्ये मार्क डिन्टेनफासनं कॉइट्सव्हिलमध्ये चॅम्पियन हा गावातला पहिला कायमचा स्टुडिओ बांधला. दोन वर्षांनी त्याची कंपनी नव्यानं जन्मलेल्या युनिव्हर्सलमध्ये सामील झाली. १९११ मध्ये फ्रान्सची एक्लेअर कंपनी आली. मग सोलॅक्स, पीअरलेस, विलॅट, पॅरागॉन. यातले मोठे स्टुडिओ म्हणजे काचेची प्रचंड घरं: लोखंडी सांगाडा, छप्पर आणि भिंती काचेच्या, कारण चित्रीकरणाला लागणारा उजेड अजून सूर्याकडूनच घ्यायचा होता. उन्हाळ्यात आत भट्टी, हिवाळ्यात काचेवर बर्फ. नटनट्या रोज फेरीनं परत जात, पण सुतार, रंगारी, कपडे शिवणाऱ्या बायका, फिल्म धुणाऱ्या मुली आणि गर्दीत उभी राहणारी माणसं यांत गावातलीच कितीतरी होती.

सोलॅक्सची मालकीण होती अ‍ॅलिस गी-ब्लाशे. पॅरिसमध्ये गोमाँ कंपनीच्या कचेरीत सेक्रेटरी असताना, १८९६ मध्ये, तिनं पहिला चित्रपट केला. नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली, १९१० मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९१२ मध्ये लेमोइन अ‍ॅव्हेन्यूवर एक लाख डॉलरहून जास्त खर्चून स्टुडिओ बांधला. दुसरं मूल तेव्हा पोटात होतं. जगातली ती पहिली दिग्दर्शिका. स्टुडिओत तिनं मोठी पाटी लावली होती, तिचा अर्थ एवढाच की सहज वागा. नटांनी हातवारे करून छाती बडवण्याच्या त्या काळात ही पाटी लावणं धाडसाचं होतं. त्याच वर्षी तिनं 'अ फूल अँड हिज मनी' हा सगळे कृष्णवर्णीय कलाकार असलेला छोटा चित्रपट केला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागायला अजून एक वर्ष होतं.

हे सगळं टिकलं जेमतेम दहा वर्षं. १९१४ मध्ये एक्लेअरला आग लागली. कॅलिफोर्नियात बारमाही ऊन होतं आणि जमीन स्वस्त होती. १९१७-१८ च्या हिवाळ्यात पहिल्या महायुद्धामुळे कोळसा मिळेना, काचेची घरं गरम ठेवता येईनात. मग कंपन्या एकामागून एक पश्चिमेला गेल्या. अ‍ॅलिस १९२२ मध्ये दोन मुलांना घेऊन फ्रान्सला परतली आणि पुन्हा एकही चित्रपट करू शकली नाही. पुढे तिनं स्वतःच्या फिल्म शोधल्या, फारशा हाती लागल्या नाहीत. उतारवयात ती मुलीबरोबर पुन्हा इकडे आली आणि १९६८ मध्ये न्यू जर्सीतच वारली. रिकाम्या स्टुडिओंत फिल्म धुण्याच्या लॅब आणि रिळांची गोदामं आली.

मग पूल आला. २५ ऑक्टोबर १९३१ ला तो वाहनांसाठी खुला झाला. मधला गाळा ३,५०० फुटांचा, आधीच्या विक्रमाच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या रस्त्यांनी गावाचा मधला भाग गिळला, आणि नंतरच्या दशकांत आमच्यासारख्यांना राहायला कड्यावर उंच इमारती उठल्या. २०२० च्या जनगणनेत आम्ही ४०,१९१ होतो. मेन स्ट्रीटवर आज कोरियन पाट्या आहेत, पहाटे कोरियन बेकरीतून पावाचा वास येतो. अ‍ॅलिसच्या काचघराच्या जागी किराणा मालाचं मोठं दुकान आहे. मी तिथून कोथिंबीर आणते.

कडा वाचला आणि स्टुडिओ का वाचले नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, कडा पलीकडून दिसत होता. नदीकाठच्या श्रीमंतांच्या खिडक्यांतून त्याची पडझड रोज डोळ्यांत खुपत होती. गावाच्या आत, मागच्या रस्त्यावर काय उभं आहे हे पलीकडून कुणाला दिसणार? आणि आत राहणाऱ्या आम्हाला विचारावंसंही वाटलं नाही.

हे मी स्वतःला उद्देशून लिहिते आहे. त्या उन्हाळ्यात मी आप्पांना कॉइट्सव्हिलमधून फिरवत होते. एका जुन्या विटांच्या इमारतीपाशी ते थांबले. खिडक्यांच्या चौकटीवरून हात फिरवून म्हणाले, "गोदाम दिसतंय. जुनं काम हाय." आणि आम्ही पुढे गेलो. तो चॅम्पियन स्टुडिओ होता. आप्पा २००४ मध्ये गेले. ती इमारत २०१३ मध्ये पाडली, तेव्हा कुठे मला ती काय होती हे कळलं.

२०२२ मध्ये मेन स्ट्रीटवर बॅरीमोर फिल्म सेंटर उघडलं. नटांच्या या घराण्याचं कॉइट्सव्हिलमध्ये घर होतं. मूळपुरुष मॉरिस बॅरीमोर जन्मला मात्र आग्र्याला, १८४९ मध्ये. १९०० मध्ये त्यानं गावच्या अग्निशमन दलाच्या मदतीसाठी नाटक लावलं, त्यात त्याचा मुलगा जॉन उभा राहिला होता.

तिथे मी सोलॅक्सचा एक मूकपट बघितला. दहा-बारा मिनिटांचा. बैठकीची खोली, फुलांच्या नक्षीचा कागद लावलेली भिंत, भिंतीत दार. नायक रागानं दार आपटून बाहेर गेला. माझी नजर भिंतीवर होती.

हलली नाही.