भाच्याची पिकअप आणि जीपची वंशावळ

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, पिकअप घ्यायची म्हणतोय. सिंगल केबिन घेऊ का डबल? आणि फोर बाय फोरला जास्तीचे पैसे घालू का?" त्याचं रान डोंगराच्या पायथ्याला. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर नुसता चिखल, आणि टोमॅटोचा तोडा नेमका तेव्हाच. माल न्यायचा पिंपळगाव बसवंतला. मी पत्रकार, मेकॅनिक नाही. पण जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आपल्याकडच्या या गाड्यांची आजी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धातली विलिस. अमेरिकन लष्कराच्या कागदावर तिचं नाव होतं 'पाव टनी ट्रक, फोर बाय फोर'. म्हणजे पुढाऱ्यांनी मिरवायच्या आधी ती ट्रकच होती! १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ ला कंपनीचं 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. जीपची जुळणी मात्र १९४७ मध्येच सुरू झाली होती. चारही चाकांना जोर, पण माल पाव टन. आपल्या भाषेत बारा कॅरेटसुद्धा नीट नाही.

माल वाहायची वाट वेगळीच निघाली. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली, जर्मन कंपनीच्या सहकार्यानं तीनचाकी गाड्या बनवायला. ते नाव इतकं रुळलं की गाडी कुणाचीही असो, आपण आजही "टेम्पो आला का?" असंच विचारतो. १९८८ ला टेल्कोची टाटामोबाईल आली, पुढं २०७, मग २००५ मध्ये छोटा हत्ती. मागं जड पाटे, मोठा हौदा, आणि बहुतेकांना जोर फक्त मागच्या चाकांना.

इथंच सगळी गोम आहे. अशी गाडी भरलेली असली की वजन मागच्या चाकांवर येतं, ती चिखलातून कशीबशी निघते. रिकामी असली की मागचा भाग हलका, चाकं जागेवरच फिरतात. म्हणजे माल घेऊन जाताना नाही, माल घ्यायला येताना रुतते! भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "अगदी बरोबर मामा, दरवेळी ट्रॅक्टर लावावा लागतो."

आता चढणारी आणि वाहणारी अशी एकच गाडीही मिळते. २०१६ पासून इसुझूची व्ही-क्रॉस आहे, २०२२ पासून टोयोटाची हायलक्स. भाच्यानं मोबाईलवर त्यांचे नदीत घातलेले व्हिडिओ पाहिलेत. पण त्या पैशात दोन साध्या पिकअप येतात, आणि हौदा आखूड. कॅरेट कुठं ठेवणार?

खरी गोष्ट शेवटी निघाली. मी विचारलं, तोडणीच्या बायका कशा येतात? "मागं, हौद्यात. सगळेच आणतात की." सगळेच आणतात, हे मला माहीत आहे. मालवाहू गाडीत मजूर बसवायला कायद्यानं बंदी आहे, आणि काही झालं तर भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते, हेही माहीत आहे. पिकअप उलटल्याच्या बातम्या मी किती लिहिल्या त्याचा हिशोब नाही. रात्री उशिरा नावं मिळतात, कुणाचं वय चुकतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं तशीच भरलेली गाडी जाते.

म्हणून मी त्याला बोलेरो कॅम्पर बघायला सांगितली. डबल केबिन, टनाच्या आसपास माल, फोर बाय फोरमध्येही येते. केबिनमध्ये ड्रायव्हर धरून पाच माणसं. बायका आठ. "मग दोन खेपा मार," म्हटलं. तो म्हणाला, "दोन खेपांचं डिझेल कोण देणार, मामा?" मी म्हटलं, हिशोब करून बघ, तुझ्याच घरून रानापर्यंत चार किलोमीटर आहे.

अजून बुकिंग केलेलं नाही त्यानं. तुमच्यापैकी कुणी फोर बाय फोर कॅम्पर पावसाळ्यात रानात चालवली असेल तर खरंखुरं ॲव्हरेज आणि देखभालीचा खर्च मला कळवा. त्याला दाखवायचंय.