बारावीचं टेन्शन: रायगडच्या किनाऱ्यावर ते कुठून येतं, आणि मुलं ते कसं पेलतात?

मार्च २०२० मध्ये दहावीला बसलेली रायगडच्या किनाऱ्यावरची बॅच आठवा. कोरोनामुळे भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही. निकालाची वाट बघत असताना ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यावर धडकलं. घरांचे पत्रे उडाले, नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. निकाल लागला २९ जुलैला. अकरावी मोबाइलवर गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. बारावीत ऐन अभ्यासाच्या वेळी एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आणि बारावीची लेखी परीक्षा ४ मार्चलाच सुरू झाली होती!

या मुलांना ताण आला असेल का, हा प्रश्नच नाही. त्यातला किती ताण त्यांच्या हातातला होता, हा खरा प्रश्न आहे.

ताण म्हणजे नेमकं काय?

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेली व्याख्या आजही वापरली जाते. सोप्या भाषेत सांगायचं तर समोर उभं असलेलं काम आणि आपल्याकडचं बळ यांचा मन हिशोब लावतं. बळ कमी पडणार असं वाटलं, की ताण येतो. छातीत धडधड, पोटात गोळा, पाठ केलेलं ऐनवेळी न आठवणं ही त्याची शरीरातली रूपं. म्हणून एकाच वर्गातल्या दोघांना तोच पेपर वेगळा वाटतो. हुशारी सारखी असते, पण मागे उभं असलेलं बळ सारखं नसतं.

किनाऱ्यावरचा हिशोब

आधी परीक्षांचंच बघू. सायन्सच्या मुलाला बोर्डासाठी सविस्तर, टप्प्याटप्प्याने उत्तरं लिहायची असतात. सीईटीत २०० गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि प्रत्येक चुकीला एक गुण वजा, म्हणजे खात्री नसेल तर हात आवरायचा. तीन परीक्षा, तीन उलटसुलट सवयी, आणि सगळं चार-पाच महिन्यांत. चांगले क्लास बहुधा अलिबाग, पनवेल किंवा थेट मुंबईत. मुरूड-म्हसळ्याकडच्या मुलाचा दिवस एसटीच्या वेळापत्रकावर ठरतो. शेवटची गाडी चुकली तर क्लासही चुकला.

त्यात घरचा हंगाम. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर इथे ज्यांच्या घरी पर्यटकांना खोल्या देतात, त्यांच्याकडे डिसेंबरचा शेवटचा आठवडा सगळ्यात गर्दीचा. कॉलेजच्या पूर्वपरीक्षाही त्याच सुमाराला. पाहुण्यांना चहा देऊन झाल्यावर पुस्तक उघडणाऱ्या मुलाला ‘लक्ष दे जरा’ म्हणणं सोपं आहे.

कोळीवाड्यांत वेगळी अडचण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला. नेमक्या याच काळात पुढच्या प्रवेशाची फी भरायची असते. वाडीवाल्यांचं तर त्याहून लांबलं. सुपारीचं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात. २०२० मध्ये पडलेली बाग नव्याने लावली, तरी तिचं उत्पन्न सुरू होईपर्यंत घरातल्या मुलाची बारावी काय, पदवीही उरकते. असं मूल परीक्षेला बसतं तेव्हा फक्त स्वतःसाठी बसत नाही, आणि ते हे कुणाला बोलूनही दाखवत नाही.

पेलायचं कसं?

लाझारस-फोकमन यांनी दोन वाटा सांगितल्या. जे बदलता येतं तिथे अडचणच सोडवायची. जे बदलता येत नाही तिथे स्वतःच्या मनाला सांभाळायचं. गडबड होते ती अदलाबदल केली की. संप कधी मिटणार याची रात्रभर काळजी करायची आणि अर्धवट राहिलेल्या धड्याकडे बघायचं नाही, असं बहुतेकांचं होतं. रात्री दोनपर्यंत रील्स बघणं हाही पळून जाण्याचाच प्रकार. (हा लेख तुम्ही रात्री दोनला वाचत असाल, तर उरलेला सकाळी वाचा.)

हातातल्या गोष्टी साध्याच आहेत. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणं जास्त टिकतं, आणि हे एसटीच्या सीटवरही जमतं. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या की परीक्षा अनोळखी राहत नाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेतच, त्यामुळे पेपरच्या आदल्या रात्रीचं जागरण तोट्याचंच.

हातात नसलेल्या गोष्टींसाठी बोलणं, चालणं, किनाऱ्यावर अर्धा तास बसणं, श्वास सावकाश सोडणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण धडधड उतरते. एखाद्या विषयात गेलाच, तर जून-जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा असते. तेवढाच विषय द्यायचा, वर्ष जातंच असं नाही. ही माहिती निकालाच्या दिवशी नाही, आधीच घरात सगळ्यांना असायला हवी.

मात्र सगळं मुलांच्या मनोबलावर ढकलणं मला पटत नाही. २०२२ ला बोर्डाने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला, ज्या-त्या कॉलेजातच परीक्षा घेतली आणि मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त दिला. संपाच्या काळात केंद्र जवळ असणं ही फार मोठी गोष्ट होती. हिशोबाची दुसरी बाजूही हलवता येते, ती अशी.

मदत कधी आणि कुठे?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, मूल मित्रांना टाळत असेल किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं बोलत असेल, तर उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आई-बाबा किंवा मित्रही फोन करू शकतात. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. कोचिंग क्लासही यात येतात. अकरावीचा प्रवेश घेताना फी विचारता, तेव्हाच समुपदेशक कोण आणि कुठल्या वारी बसतात, हेही ऑफिसात विचारून घ्या.