‘मला वाटतें’ म्हणण्याचा अधिकार

आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांस युरोपांतील सर्व भाषा इंग्रजीच्याच वळणाच्या असाव्या असें प्रथम वाटतें. इटालियन व्याकरण हातीं घेतलें कीं हा भ्रम दूर होतो. इंग्रजींत आवडीचा कर्ता मनुष्य स्वतः असतो. इटालियन मनुष्य ‘मी प्याचे’ म्हणतो, आणि त्यांतील ‘मी’ म्हणजे आपलें ‘मला’. आवडलेली वस्तु तेथें कर्ता, आणि भूतकाळीं क्रियापदाचें लिंगहि तिच्याच मागें जातें. आपण ‘ग्रंथ आवडला, कविता आवडली’ म्हणतों, तसेंच हें आहे. ‘मी पारे’ म्हणजे ‘मला वाटतें’. मराठी वाचकास ही रचना घरचीच वाटेल.

परंतु मत सांगतांना ही भाषा आणखी एक काळजी घेते. ‘पृथ्वी फिरते’ हें निश्चित विधान असेल तर क्रियापद ‘सी मुओवे’. त्याच्या आधीं ‘क्रेदो के’, म्हणजे ‘मी मानतों कीं’, असें आलें तर शिष्ट भाषेंत तेंच ‘सी मुओवा’ होतें. एका अंत्य स्वरानें विधानाचें मत बनतें. आपल्या ‘फिरते’ आणि ‘फिरत असावी’ यांत जें अंतर, बहुतांशीं तेंच. वर्गांत हा भेद क्षुल्लक वाटतो. इटलीच्या इतिहासांत मात्र याच जातीच्या भेदापायीं एका थोर पुरुषाचें स्वातंत्र्य गेलें.

गॅलिलिओनें १६१० सालीं दुर्बिणींतून दिसलेल्या गोष्टी लॅटिनमध्यें प्रसिद्ध केल्या. १६१२ पासून मात्र तो इटालियनमध्यें लिहूं लागला. लॅटिन न जाणणाऱ्या, पण डोळे आणि बुद्धि असलेल्या देशबांधवांनींहि वाचावें, असा त्याचा हेतु होता. १६१६ सालीं पृथ्वीच्या गतीचें मत धर्माधिकाऱ्यांनीं शास्त्रविरुद्ध ठरविलें, आणि तें धरण्याची व त्याचें समर्थन करण्याची त्यास मनाई झाली. पुढें १६३२ सालीं फ्लॉरेन्स येथें त्याचा ‘संवाद’ हा ग्रंथ निघाला. त्यांत तिघे गृहस्थ चार दिवस बोलत बसतात. साल्वियाती कोपर्निकसचा पक्ष मांडतो, सिंप्लिचो ॲरिस्टॉटलचा, आणि साग्रेदो दोघांचें ऐकून शंका विचारतो. ग्रंथकार उघड निर्णय देत नाहीं. अखेरीस पोप आठवा अर्बन याचा आवडता युक्तिवादहि येतो. पण येतो तो हरलेल्या सिंप्लिचोच्या तोंडून! ग्रंथाचें रूप ‘असावी’चें होतें, वाचणारास मात्र त्यांतील ‘आहे’ स्पष्ट ऐकूं येई.

२२ जून १६३३ रोजीं रोम येथें निकाल लागला. दहा कार्डिनलांपैकीं सातांच्याच त्यावर सह्या आहेत. दोष दोन होते. गॅलिलिओनें शास्त्रविरुद्ध मत खरें मानलें असा दाट संशय, हा पहिला. एखादें मत शास्त्रविरुद्ध ठरल्यावरहि तें संभाव्य म्हणून धरतां येतें, असें त्यानें मानलें, हा दुसरा. आम्हांस हा दुसराच अधिक भयंकर वाटतो. पहिल्यानें ‘आहे’ म्हणण्यास बंदी झाली. दुसऱ्यानें ‘असावी’ म्हणण्यासहि. एकोणसत्तर वर्षांच्या त्या वृद्धानें गुडघे टेकून आपल्या मताचा त्याग केला, आणि तोहि ज्या भाषेंत त्यानें तें मत लोकांपर्यंत नेलें होतें त्याच इटालियनमध्यें. १६४२ सालीं मृत्यु येईपर्यंत तो नजरकैदेंत राहिला.

उठतांना तो ‘तरीहि ती फिरते’ असें पुटपुटला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. खटल्याच्या कागदांत तिला आधार नाहीं. जोसेप्पे बारेत्ती यानें १७५७ सालीं लंडनमध्यें छापलेल्या पुस्तकांत ती आढळते, म्हणजे निकालानंतर १२४ वर्षांनीं. परंतु कथेंतील क्रियापद पाहण्यासारखें आहे. तें ‘मुओवा’ नाहीं, निश्चयाचें ‘मुओवे’ आहे. न्यायासनापुढें त्यास संशयाच्या रूपांतहि जें बोलतां आलें नाहीं, तें लोकांनीं त्याच्या तोंडीं निश्चयाच्या रूपांत घातलें. मनुष्यास ‘मला वाटतें’ एवढेंहि म्हणूं दिलें नाहीं, म्हणजे त्याचें मत मरत नाहीं. तें दुसऱ्यांच्या तोंडीं सिद्धांत होऊन बसतें. सत्ताधाऱ्यांनीं इटालियन व्याकरणांतून एवढें शिकलें तरी पुरे.