सेमिनोलांशी झालेले करार

‘करार’ हा शब्द धर्मशिक्षण देताना आपण नित्य उच्चारतो. दोन पक्ष परस्परांस शब्द देतात आणि त्या शब्दाने दोघेही बांधले जातात, हा त्याचा गाभा होय. एक पक्ष फार बलवान असला म्हणजे त्या बंधनाचे काय होते, हे फ्लॉरिडातील सेमिनोल लोकांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

स्पेनशी १८१९ साली झालेल्या तहान्वये फ्लॉरिडा १८२१ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आला. सेमिनोलांनी बहुतेक भूमी सोडून द्वीपकल्पाच्या मध्यभागी राहावे व सरकारने त्यांना २० वर्षे वार्षिक रक्कम द्यावी, असे १८२३ च्या मोल्ट्री क्रीक करारात ठरले. परंतु सातच वर्षांनी, १८३० मध्ये, मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा संमत झाला. पश्चिमेकडील भूमी पाहून ‘त्यांचे’ समाधान झाल्यास स्थलांतर व्हावे, असे १८३२ च्या पेन्स लँडिंग करारात लिहिले गेले. ‘त्यांचे’ म्हणजे कोणाचे? सेमिनोल म्हणत, सर्व जमातीचे. सरकार म्हणे, पाहणीस गेलेल्या सात जणांचे. १८३३ मध्ये फोर्ट गिबसन येथे त्या सातांच्या निशाण्या घेऊन सरकारने संमती मिळाली असे मानले.

डिसेंबर १८३५ मध्ये युद्ध पेटले. त्याच्या मुळाशी केवळ भूमी नव्हती. गुलामगिरीतून पळालेले अनेक कृष्णवर्णीय सेमिनोलांच्या आश्रयास होते व मळेवाल्यांना ते परत हवे होते. मार्च १८३७ च्या तहात जनरल जेसप यांनी सेमिनोलांच्या ह्या सोबत्यांनाही अभय दिले. पण मळेवाल्यांच्या दडपणापुढे ते टिकले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वाटाघाटींसाठी पांढऱ्या निशाणाखाली आलेले पुढारी ओसिओला यांस जेसप यांच्या आज्ञेने पकडण्यात आले. ३० जानेवारी १८३८ रोजी ते कैदेतच वारले.

१८४२ मध्ये सरकारने युद्ध संपल्याचे जाहीर केले, तोपर्यंत हजारो सेमिनोल पश्चिमेस नेले गेले होते. सुमारे १५०० अमेरिकन सैनिकही मेले, त्यांतील बहुसंख्य रोगाने. काहीशे सेमिनोल मात्र दक्षिणेच्या दलदलीत राहिले. त्यांच्या वंशजांच्या जमातीस १९५७ मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

ह्या इतिहासात कागदांची उणीव कोठेच नव्हती, हे आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. ज्याला शब्द मोडणे सहज शक्य असते, त्याच्याच शब्दाची खरी कसोटी लागते. कराराविषयी शिकविताना ही बाजूही आपण श्रोत्यांपुढे ठेवावी.